आईच्या पायाचा लास्ट

आमच्या दुकानात लास्ट या शब्दाचा अर्थ शेवटचा असा कधी नव्हताच. लास्ट म्हणजे लाकडाचं पाऊल. गिऱ्हाइकाच्या मापाने कोरलेलं, ज्याच्यावर चामडं ताणून बूट उभा राहतो ते. जुनी माणसं त्याला कलबूत म्हणायची, पण आजोबा ज्या कारखान्यात शिकले तिथे लास्ट म्हणत, म्हणून आमच्याकडे लास्ट. दुकानाची सगळी मागची भिंत लास्टांनी भरलेली आहे. खिळ्याला दोरी, दोरीला जोडी, आणि टाचेवर शाईने लिहिलेलं: वकील. बेकरीवाला. कंडक्टर. दातांचे डॉक्टर. नावं आम्ही लिहीत नाही. नावं दहा जणांची सारखी निघतात. धंदा लिहिला की पाय लगेच डोळ्यांपुढे येतो. कंडक्टर उभं राहून राहून चवड्यात पसरलेला. वकिलाची टाच कायम झिजलेली, कारण तो पाय आपटत चालतो, कोर्टात हरला तरी. यातली कितीतरी माणसं मरून गेली. लास्ट टांगलेलेच आहेत. माणूस जातो, त्याचे पाय आमच्याकडे राहतात.

लोकांना या भिंतीचं कौतुक वाटतं. फोटो काढतात. मग खुर्चीत बसतात, बूट काढतात आणि तोंड दुसरीकडे करतात. स्वतःच्या पायाची लाज, आणि त्या पायाला हात लावणाऱ्याची त्याहून जास्त. पाय आमच्या हातात द्यायला चालतो, हात द्यायला चालत नाही. मला याचा राग येतो. लहानपणी यायचा, आजही येतो, आणि तो जावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

दुकानात आम्ही चौघं. काका लाकूड कोरून लास्ट बनवायचा. मी चामडं कापायची. आई मशीनवर वरचा भाग शिवायची. आणि बाबा ओढायचे. ओढ म्हणजे शिवलेलं चामडं लास्टवर चढवायचं, पकडीने ताणायचं, बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून तळाशी जखडायचं. बुटाला आकार येतो तो तिथे. एक बोट कमी ओढलं तर सुरकुती, एक बोट जास्त ओढलं तर चीर. म्हणून ओढणाऱ्याला मान. खिडकीखालचं बुटकं स्टूल त्याचं, चांगला उजेड त्याचा, पहिला चहा त्याचा.

बाबांचा खांदा गेला तेव्हा भांडण या स्टुलावरूनच पेटलं.

डॉक्टरने सांगितलं, आता ओढायचं नाही, म्हणजे नाहीच. बाबा घरी येऊन हात मांडीवर ठेवून बसले, जसा काही तो हात दुसऱ्या कुणाचा होता आणि सांभाळायला दिला होता. काका म्हणाला, "कारखान्यातला एक माणूस आहे माझ्या ओळखीचा. चांगला ओढतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून येईल."

"मी आहे ना," मी म्हणाले.

काका हसला. तो वाईट माणूस नाही. पण त्याचं हसू असं असतं की समोरच्याने हातात असेल ते फेकून मारावं. "ए डिक्शनरी, तू काप आपली. ओढायला मनगट लागतं. बायकांच्या मनगटात ओढ नसते."

मशीन थांबलं. आईने दोरा दाताने तोडला आणि मान वर न करता म्हणाली, "भावजी, तुमच्या मनगटाचं सांगू नका मला. लोणच्याच्या बरणीचं झाकण घेऊन कोण येतं माझ्याकडे?"

बाबांना हसू आलं, खांदा दुखला, हसू अर्ध्यावरच राहिलं. "हे बघ," ते काकाला म्हणाले, "आपल्याकडे नियम आहे. जो स्टूल मागेल, नाहीतर कोरायची जागा, त्याने एक माणूस निवडायचा. त्याचा लास्ट स्वतः कोरायचा, बूट स्वतः ओढायचे. माणसाने ते घालून दिवसभर आपलं काम करायचं. संध्याकाळी पायावर लाल खूण दिसली तर नापास. नाही दिसली तर लास्ट भिंतीवर आणि माणूस त्या जागेवर. मी दिली परीक्षा, तू दिलीस. तिला का नको?"

"दादा, ती मुलगी आहे."

"नियमात मुलगा लिहिलंय का?"

"नियम लिहिलेलाच नाहीये!"

"मग झालंच की," बाबा म्हणाले.

काकाने बराच वेळ कानस झाडली. मग म्हणाला, "ठीक आहे. एकदाच. चाचणीचा जोड भंगार चामड्यात करून बघ हवं तर, पण परीक्षेचा जोड एकच. नापास झालीस तर सोमवारवाला माणूस येणार, आणि मग तू स्टुलाचं नाव काढायचं नाहीस. जन्मात."

"कबूल."

"पाय कुणाचा?"

मी विचार केला नव्हता. पण तोंडातून निघालं ते असं निघालं की जसं काही वर्षानुवर्षं तिथेच बसून वाट बघत होतं. "आईचा."

मशीन पुन्हा थांबलं.

काका म्हणाला, "वहिनीचे पाय? ते मशीनलाच शिवलेत. आधी उसवावे लागतील."

आई हसली नाही. तिने दोन्ही पाय मशीनखाली आणखी आत घेतले.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला आजही चीड येते. माझ्या आईने अख्ख्या गावाच्या बुटांचे वरचे भाग शिवलेत. भिंतीवर जेवढे पाय टांगलेत, त्या प्रत्येकाच्या अंगावर कधी ना कधी तिचा टाका चढलाय. आणि तिच्या पायात काय होतं? उरलेल्या तुकड्यांच्या सपाता. एक तपकिरी, एक काळी. तपकिरीचा पट्टा वकिलाच्या बुटातून वाचलेला, काळीचा कंडक्टरच्या. भिंतीवर तिचा लास्ट नव्हता. कधी कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. चांभाराची बायको अनवाणी म्हणतात ना, तशी ती अगदी अनवाणी नव्हती, एवढंच आमचं मोठेपण.

"माझे पाय कामाचे आहेत," आई म्हणाली. "दाखवायचे नाहीत. दुसरं कुणीतरी शोध. पोस्टमास्तर आहे, सरळ पाय आहे बिचाऱ्याचा."

"काकाने कुणाचा घेतला होता परीक्षेला?"

"रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाचा," आईने लगेच सांगितलं. "सकाळी खुर्चीत बसला तो संध्याकाळी उठला. बूट कसला चावणार? बुटालाच झोप लागली असेल."

"वहिनी!" काका ओरडला. "तो मधे एकदा चहाला उठला होता!"

बाबा खांदा धरून हसले. आईही हसली, आणि हसताना पाय थोडे बाहेर आले. मी तेवढ्यात कागद जमिनीवर टाकला आणि म्हणाले, "उभी राहा."

ती उभी राहिली. का राहिली ते तिलाच माहीत. मी गुडघ्यांवर बसून पेन्सिल फिरवली, फीत लावली. डावं पाऊल साधं होतं, माझ्यासारखंच. उजवं वेगळं होतं. चवडा रुंद, आंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, बाहेरच्या कडेला चामड्यासारखी कातडी. आई छताकडे बघत होती. गिऱ्हाइकं बघतात तशीच. माझ्या आईने माझ्यासमोर तोंड फिरवलं होतं, आणि मी राग कुणावर काढायचा हे मला कळेना.

लास्ट कोरायला मी रोज दुपारचा वेळ घेतला. काका जेवून पेंगायचा तेव्हा त्याची पटाशी, त्याची कानस माझी. लाकूड तो स्वतः निवडून द्यायचा, हे मात्र खरं. बोलायचा नाही, पण चिरलेला तुकडा मी उचलला की तो काढून घ्यायचा आणि दुसरा पुढे करायचा.

त्याच दिवसांत मी डिक्शनरीत तो शब्द काढला. डिक्शनरी माझीच, रद्दीवाल्याकडून आणलेली, मुखपृष्ठ नसलेली, जाडजूड; तिच्यावरूनच काका मला चिडवायचा. शाळा मी अर्ध्यावर सोडली, कारण तिथे लास्ट बेंच म्हणजे आमचा बेंच होता, आणि फॉर्मवर लास्ट नेम वाचलं की मास्तर माझ्या तोंडाऐवजी माझ्या हातांकडे बघायचे, चामड्याचा वास येतो का म्हणून. इंग्रजी मी नंतर एकटीनेच शिकले. शब्द एकेक करून, चुका ठोकतात तसे.

"ऐका," मी जेवताना म्हणाले. "लास्ट. एक, सगळ्यांच्या नंतरचा, शेवटचा. दोन, मागचा, म्हणजे लास्ट संडे. तीन, टिकणे. चार, जहाजातला माल मोजायचं जुनं वजन, खूप मोठं."

"म्हणजे वहिनीचा टोमणा," काका म्हणाला. "एक लास्ट, दीड लास्ट."

"तुमच्या डोक्यात मावतील एवढेच मारते, भावजी."

"आणि आपला?" बाबांनी विचारलं. "आपला लास्ट नाही त्यात?"

"आहे. पार खाली. वेगळा कप्पा करून."

"तिथेपण खालीच बसवलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन होत नाही त्यांचं.

"थांबा ना बाबा, पूर्ण ऐका. खाली शब्दांची घराणी दिलीत. शेवटचा हा लास्ट उशिराच्या, म्हणजे लेटच्या, घरातला आहे, त्याचं आपलं काही नातं नाही. पण टिकणे हा लास्ट आणि आपला लाकडी लास्ट एका घरातले. जुना अर्थ, पाऊलखूण. पावलाचा माग धरून चालत राहायचं, त्यावरून टिकून राहणं."

मग आईने विचारलं, "मग तो शेवटचा कोण?"

"शेजारी. नाव सारखं, नातं काही नाही."

"भाडेकरू म्हण की," काका म्हणाला आणि ताट घेऊन उठला. पण जाताना भिंतीपुढे थांबला, आणि एका जुन्या लास्टवरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली. मी बघितलं. त्याने बघितलं की मी बघितलं, आणि खोकला.

लास्ट तयार झाला. मी तो आईच्या पावलाशेजारी धरला आणि मला माझाच गर्व वाटला. हुबेहूब. आंगठ्याचं हाड, चवड्याचा फुगीर भाग, बाहेरची कड, सगळं जसंच्या तसं. आई म्हणाली, "अगंबाई, हा तर माझाच पाय." काका लांबून बघत होता. बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा घाबरायला पाहिजे, हे मला माहीत होतं. पण गर्वाला कान नसतात.

भंगार चामड्यात चाचणीचा जोड ओढला, आईला घातला. ती दुकानभर चालून आली. "मस्त," म्हणाली आणि मशीनवर बसली. मशीन सुरू झालं. मी कापायला बसले, मनात सोमवारच्या त्या कारखान्यातल्या माणसाला परत पाठवत.

दुपार व्हायच्या आत माझी कात्री हातातून निसटली, घसरत मशीनखाली गेली. मी वाकले. आईचा उजवा बूट बाजूला काढून ठेवलेला होता आणि ती अनवाणी पायाने पॅडल मारत होती. आंगठ्याच्या हाडावर लालभडक खूण. कातडी सोललेली.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. नवा बूट, थोडा चावणारच."

"सांगितलं का नाहीस?"

ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "तुझं स्टूल जाईल म्हणून. तू काळजी करू नकोस. परीक्षेच्या दिवशी मी काढेन दिवस. संध्याकाळी भावजी बघायच्या आधी पाय गार पाण्यात घालून बसेन. लाली उतरते. मला सवय आहे."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. "सवय?" मी एवढ्या जोराने ओरडले की बाबा दारातून आत आले. "सवय कशाची? सोसायची? बूट टिकायला पाहिजे, आई! बुटाने टिकायचं असतं! बाईने टिकायचं आणि बुटाने चावायचं, हा कुठला न्याय? माझ्या हातचा बूट घालून तू सोसणार असशील, तर ते स्टूल मला नको. जाळा ते स्टूल!"

काकाने लाकडाचा भुसा फुंकला. मग उठून माझा सुंदर लास्ट हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि माझ्या हातात परत दिला.

"पाय कोरलास तू," तो म्हणाला. "लास्ट कोरला नाहीस."

बास. एवढंच. आमच्या दुकानात हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय. लास्ट म्हणजे पाय नव्हे. पाय जसा आहे तसा कोरला तर बूट त्याला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि पाय तर जागच्या जागी नसतोच. कुठे सैल सोडायचं, कुठे लाकूड चोरायचं, हे माणसाच्या कामावरून ठरतं. मला सगळं तोंडपाठ होतं. आणि तरी मी तीच चूक केली, जी प्रत्येक नवा माणूस करतो. का, तर मला आईचा पाय जसाच्या तसा भिंतीवर हवा होता. मी प्रेमाने कोरला, आणि प्रेमाने बूट बसत नाही.

मी आईला उभी करून माप घेतलं होतं. पण आई उभी कधी असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनखाली शिरून बसले. "हे काय नवीन?" आई म्हणाली. "चालू कर," मी म्हणाले, "तू आपलं शिवत राहा." माझं डोकं टेबलाच्या फळीला टेकलेलं, नाकात तेलाचा वास. तिचा पाय पॅडलवर खालीवर होत होता. मी तळहात पॅडलवर ठेवला, तिच्या पावलाखाली.

"अगं चिरडेल!"

"चिरडू दे. थांबू नकोस."

तेव्हा कळलं. तिचं पाऊल सपाट दाबतच नव्हतं. आधी बाहेरची कड यायची, मग वजन चवड्यावरून आत सरकायचं, आणि टाका संपला की आंगठा वर उचलला जायचा, पॅडलला लगाम घालायला. मशीन थांबवायची ती आंगठ्याने. वर्षानुवर्षं, प्रत्येक शिवणीच्या शेवटी. ते हाड बाहेर आलं होतं ते काही दुखणं म्हणून नाही. तो तिचा ब्रेक होता. वकिलाचा, कंडक्टरचा, दातांच्या डॉक्टरांचा प्रत्येक सरळ टाका त्या हाडावर थांबला होता. आणि मी त्याला घट्ट चामड्यात कोंडलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा हाताला पॅडलच्या जाळीचे वळ उमटले होते. ते पुसले जायच्या आत मी कानस घेतली.

उजव्या लास्टच्या आंगठ्यावर मी चामड्याचे पातळ तुकडे एकावर एक चिकटवले, बुटात आंगठ्याला वर उठायला छप्पर मिळावं म्हणून. बाहेरच्या कडेला भर घातली. टाचेचं आणि कमरेचं, म्हणजे पावलाच्या मधल्या भागाचं, लाकूड तासून कमी केलं, म्हणजे पाय पुढे धावला तरी टाच सुटणार नाही. झालं ते पाऊल बघून कुणालाही घाण वाटली असती. डाव्याशी त्याची जोडी जुळत नव्हती. वर टेंगूळ, मधे खळगा.

काकाने चष्मा लावला. "हा कुणाचा पाय? म्हशीचा?"

"पाय नाही, काका. लास्ट आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुन्हा काही बोलला नाही. पण यावेळी मी घाबरले नाही.

चामडं मी लालसर निवडलं. गुंडाळीतलं पहिलं, उरलेलं नाही. कापलं मी, शिवलं आईने. कुणाचे बूट शिवतोय हे माहीत असूनही तिने मुद्दाम विचारलं, "गिऱ्हाईक कसं आहे गं? कटकटं आहे का?" मी म्हणाले, "फार. कधी काही मागतच नाही." ती खाली मान घालून शिवत राहिली. त्या शिवणीइतकी सरळ शिवण मी आजवर बघितलेली नाही.

ओढायला बसले तेव्हा बाबा समोर पाटावर. दोन्ही हात मांडीखाली दाबून, मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. मी पकडीने चामडं धरलं, लास्टच्या टोकावर ताणलं.

"रागाने ओढू नकोस," बाबा म्हणाले. "चामडं राग ओळखतं."

"माझ्याकडे तोच आहे, बाबा. तोच वापरणार."

"मग तोही बेताने ओढ. एकदम सगळा संपवू नकोस, टाच व्हायची आहे अजून."

बरोबर होतं त्यांचं. रागालाही पकडीत धरायला लागतं. मी थोडा थोडा ओढला. चुका ओठांत धरल्या होत्या, त्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं. आंगठ्याच्या टेंगळावर सुरकुत्या यायला बघत होत्या. मी चामडं ओलं केलं, परत ओढलं, परत. मनगट जळायला लागलं. काका कोपऱ्यात कोरत होता, पण बराच वेळ त्याच्या कानशीचा आवाज आला नाही. शेवटची चूक ठोकून मी बूट उजेडात धरला. एक सुरकुती नव्हती. बाबांनी मांडीखालून हात काढले आणि डाव्या हाताने बुटाची कड चाचपली, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी.

"माझ्यापेक्षा बारीक ओढ आहे," ते काकाला म्हणाले. मला नाही.

चामड्याला लास्टची सवय व्हायला काही दिवस द्यावे लागतात. तेवढे दिले. तळ शिवला, टाच ठोकली, लास्ट बाहेर काढला. लास्ट निघताना बूट सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की समजायचं, आता तो स्वतःच्या जिवावर उभा आहे.

परीक्षेच्या दिवशी आईने सकाळी बूट घातले. मशीनवर बसली. दिवसभर शिवलं. मधे बाजारात गेली, दगडी रस्त्यावरून पिशव्या घेऊन आली, गोदामाचे जिने चढली, चामड्याची गुंडाळी उतरवली. परत मशीन. मी दर थोड्या वेळाने काहीतरी खाली पाडायची आणि वाकून बघायची. काका म्हणाला, "आज हिच्या हाताला लोणी लागलंय का?" दोन्ही बूट पायात होते. आंगठा आतून वर उठताना चामडं किंचित हलायचं, श्वास घेतल्यासारखं. मशीन टाक्यावर थांबत होतं.

संध्याकाळी आईने खुर्ची ओढली आणि गिऱ्हाईक बसतं तिथे बसली. त्या खुर्चीत ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. काका समोर गुडघ्यांवर आला. क्षणभर अडखळला. हात स्वतःच्या शर्टला पुसला. मग बूट काढला, मोजा काढला, वहिनीचं पाऊल तळहातावर घेतलं. दिव्याखाली धरलं. आंगठ्याच्या हाडावर अंगठा फिरवला. बाहेरच्या कडेवर. टाचेवर. डावा पाय. परत उजवा.

मी आईकडे बघत होते. ती छताकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, स्वतःच्या पायाकडे, ताठ मानेने, गुणाच्या लेकराकडे बघावं तशी.

"खूण नाही," काका म्हणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी फक्त नाक शिंकरलं. काकाने पाऊल हळूच जमिनीवर ठेवलं आणि तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, "वहिनी, आधी का नाही सांगितलंत कधी? की सपाता टोचतात म्हणून?"

"तुम्ही विचारलंत कधी, भावजी?"

त्याने सबब बनवली नाही. त्यासाठी मी त्याला मानते. तो उठला, हातोडी घेतली, भिंतीवर मधोमध, दिव्याच्या उजेडात येईल असा एक खिळा ठोकला. शाईची बाटली माझ्यापुढे केली. "काय लिहिणार? वहिनी लिही. नाहीतर मालकीणबाई लिही."

"धंदा लिहितात ना आपल्याकडे?" मी म्हणाले, आणि दोन्ही लास्टांच्या टाचेवर लिहिलं: शिलाई कारागीर.

आईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. पदराने डोळे पुसेल असं मला वाटलं, पण ती माझी आई आहे. ती म्हणाली, "अक्षर सुधार जरा. आणि डावा बूट टाचेला किंचित ढिला आहे."

"डावा ढिला?" काका ओरडला. "मग मघाशी बोललात का नाही?"

"चावत नव्हता ना. खूण नव्हती. नियम तुमचा." तिने बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि त्या दोन रंगांच्या सपाता उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग वाकून परत काढल्या, पट्टे कापून घेतले आणि उरलेलं टाकलं. "चामडं चांगलं आहे," म्हणाली.

सोमवारी तो कारखान्यातला माणूस आला. काकाने त्याला चहा पाजला आणि ओढायची जागा भरलीय असं सांगून लाकूड फोडायच्या कामाबद्दल विचारलं. तो गेला.

मी खिडकीखालच्या स्टुलावर बसले होते. स्टूल बाबांच्या वजनाने एका बाजूला झिजलेलं आहे. मला अजूनही थोडं तिरकं बसावं लागतं. त्या दिवशीचं पहिलं गिऱ्हाईक आलं, कोट घातलेला, घाईतला गृहस्थ. खुर्चीत बसला, बूट काढला आणि सवयीने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग विचारलं, "ओढणारे कारागीर कुठे आहेत? त्यांच्याशीच बोलायचंय मला."

काकाने कोरण्यातून मान वर केली नाही.

"इकडे बघितलंत तर दिसेल," तो म्हणाला. "समोर बसलीय."